ज्याचे जळते त्याला कळते, पण पुढे?

‘वुदरिंग हाइट्स’ ही जगातली एक थोर प्रेमकथा आहे, असे आपल्याला कॉलेजात सांगितलेले असते. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यापैकी अनेकांनी दिलीपकुमार आणि वहिदा रेहमान यांचा १९६६ सालचा ‘दिल दिया दर्द लिया’ पाहिलेला असतो, निदान नौशादची गाणी तरी ऐकलेली असतात. त्या चित्रपटाचा सांगाडा याच कादंबरीतून घेतलेला. हॉलिवूडने १९३९ साली लॉरेन्स ऑलिव्हिएला घेऊन जो चित्रपट काढला, त्यात नायिका मरते तिथेच गोष्ट संपवून टाकली. कादंबरीत मात्र नायिका साधारण मध्यावर मरते. मग उरलेली अर्धी कादंबरी कशाबद्दल आहे, हा प्रश्न मला धारवाडला एम.ए.ला असल्यापासून पडत आला आहे. प्रेमकथेला नायिका गेल्यानंतर इतकी पाने कशाला लागावीत?

ती पाने सुडाची आहेत. आणि सूड ज्यांच्यावर उगवला जातो, त्यांचा मूळ अन्यायाशी काडीचा संबंध नाही. आपल्या भाषेत सूड ‘घेतात’ तसा ‘उगवतात’ही. उगवणारी वस्तू कुठेतरी पेरलेली असते आणि पेरणाराच कापणीला हजर असेल असे नाही, हे मराठी माणसाला क्रियापदातूनच ठाऊक असायला हवे. एमिली ब्रॉन्टे या पाद्र्याच्या अविवाहित मुलीने ते एका कादंबरीभर दाखवले. तिची ही एकुलती एक कादंबरी. डिसेंबर १८४७ मध्ये ती एलिस बेल या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने निघाली, आणि वर्षभराने, १९ डिसेंबर १८४८ रोजी, एमिली वयाच्या तिसाव्या वर्षी क्षयाने गेली.

कथा थोडक्यात सांगतो. ज्यांनी वाचली आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल ओलांडावेत. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरच्या उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर दोन घरे आहेत. एक वुदरिंग हाइट्स. अर्नशॉ नावाच्या जुन्या शेतकरी घराण्याचे हे दगडी घर. दारावर १५०० हे साल आणि ‘हेअरटन अर्नशॉ’ हे नाव कोरलेले. दुसरे चार मैलांवरचे थ्रशक्रॉस ग्रेंज. भोवती बाग, आत तांबडे गालिचे, छताला झुंबर, आणि घरमालक लिंटन हे त्या भागाचे मॅजिस्ट्रेट. एकीकडे हाताला माती लागलेले खानदान, दुसरीकडे हातमोजे घालणारे. हाइट्सचा म्हातारा मालक एकदा साठ मैल पायी चालत लिव्हरपूलला जातो. मुलाने व्हायोलिन मागितलेले असते, मुलीने चाबूक. परतताना व्हायोलिन चिरडते, चाबूक हरवतो आणि म्हाताऱ्याच्या कोटातून निघते रस्त्यावर सापडलेले एक सावळे, फाटके पोर. मालकाचा एक मुलगा लहानपणी वारला होता, त्याचे नाव या पोराला मिळते: हीथक्लिफ. तेच नाव आणि तेच आडनाव.

म्हातारा असेतो त्याचे लाड होतात. म्हातारा जाताच मुलगा हिंडली मालक होतो आणि हीथक्लिफला गड्यांमध्ये ढकलतो. धाकटी बहीण कॅथरिन आणि हीथक्लिफ यांचा जीव एकमेकांत गुंतलेला. पण ती लग्न करते ग्रेंजच्या एडगर लिंटनशी. हीथक्लिफ नाहीसा होतो, तीन वर्षांनी पैसेवाला होऊन परत येतो. कॅथरिन मुलीला जन्म देऊन मरते. त्यानंतर सतरा-अठरा वर्षे तो दोन्ही घरे गिळण्यात घालवतो. पुढच्या पिढीत तीन मुले: हिंडलीचा हेअरटन, कॅथरिनची मुलगी (तिचेही नाव कॅथरिन, आपण तिला कॅथी म्हणू) आणि हीथक्लिफला एडगरच्या बहिणीपासून झालेला आजारी लिंटन. सगळा हिशेब या तिघांकडून वसूल होतो. खिडकीवर थडथडणारा भुताचा हात, वादळे, उकरलेली कबर हे सारे कादंबरीत आहे आणि त्यामुळे तिला गॉथिक म्हणतात. धारपांच्या कथा वाचून रात्री दिवा न मालवणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचे फार भय वाटणार नाही. भय वाटावे असे या पुस्तकात दुसरेच आहे.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या वाचकाने या कथेतली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ते पोर घरात प्रथम उभे केले जाते तेव्हा मुके नसते. ते काहीतरी बोलत असते, पुन्हापुन्हा तेच बोलत असते, पण घरात कुणालाच ते कळत नाही. म्हणजे त्याला एक भाषा होती. ती कुठली, हे लेखिका कधीच सांगत नाही आणि पुढे ती भाषा कथेतून पुसलीच जाते. घरातली मोलकरीण नेली त्या मुलाला जिन्यात झोपवते, सकाळपर्यंत ब्याद निघून जाईल या आशेने. सगळी गोष्ट आपल्याला सांगते ती हीच नेली, आणि पहिल्या दिवशीचा त्याचा उल्लेख ती ‘तो’ असा न करता ‘ते’ असा करते, जणू वस्तूच.

कुठले असेल ते पोर? शेजारचे लिंटनसाहेब त्याला पाहून अंदाज करतात की हा एखादा लास्कर असावा किंवा अमेरिकन वा स्पॅनिश जहाजावरून टाकलेला. लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. कंपनीच्या आणि इतर युरोपीय जहाजांवर हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून भरती झालेले. पुढे नेलीही त्याची समजूत घालताना म्हणते की तुझी आई हिंदुस्थानची राणी असेल कशावरून नाही. कादंबरीच्या हिशेबाने तो सापडला १७७१च्या सुमारास, आणि त्या काळात लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचे ब्रिटनमधले सर्वांत मोठे बंदर होते. त्यामुळे तो आफ्रिकन गुलामाचे मूल असावा असेही मानतात, आणि २०११ सालच्या चित्रपटात दिग्दर्शिका अँड्रिया आर्नल्ड हिने ही भूमिका कृष्णवर्णीय नटाला दिली. टेरी ईगल्टन या टीकाकाराने १९९५ साली त्याचे नाते आयर्लंडच्या दुष्काळाशी जोडले. मला विचाराल तर लेखिकेने ही जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ज्याच्या मागे गाव नाही, कूळ नाही, बोललेले समजून घेणारा माणूस नाही, असे मूल एखाद्या घराच्या उंबऱ्यात आले तर ते घर काय करते, एवढेच तिला पाहायचे आहे.

घर काय करते, ते मी मास्तर म्हणून वाचतो. हिंडली हीथक्लिफला मारतो, उपाशी ठेवतो. हे सगळ्यांच्या लक्षात राहते. पण सर्वांत खोल घाव वेगळा आहे. गावचा पाद्री मुलांना शिकवायला येत असे, त्याच्यापुढे बसायची हीथक्लिफला बंदी होते. त्याने शेतावर राबायचे. सुरुवातीला कॅथरिन आपण शिकलेले त्याला शिकवते, तोही तिच्या बरोबरीने राहायची धडपड करतो. मग हळूहळू दिवसभराचे कष्ट त्याच्या डोक्यातले कुतूहल खाऊन टाकतात. तो मागे पडतो, मागे पडल्याचे त्याला कळते, आणि एक दिवस तो धडपड सोडून देतो. सोळाव्या वर्षापर्यंत त्याची चालही बदलते, नजरही. हे वर्णन कादंबरीत एखाद्या पानाचेच आहे. तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला त्या पानावर थांबावेच लागते. सुगीच्या दिवसांत गैरहजर राहिलेला, परत आल्यावर फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसलेला मुलगा कुणा शिक्षकाने पाहिलेला नाही? ‘डोक्यात काही शिरत नाही’ असे आपण म्हणतो. शिरायचे दार कुणी लावून घेतले, हे विचारत नाही.

त्याच सुमारास हीथक्लिफ भिंतीवरचे पंचांग आणून कॅथरिनला दाखवतो. तिने ज्या संध्याकाळी लिंटन भावंडांबरोबर काढल्या तिथे त्याने फुल्या मारल्या आहेत, ज्या त्याच्याबरोबर काढल्या तिथे टिंबे. तिला ते कंटाळवाणे वाटते. ज्याला काही माहीत नाही, जो काही बोलत नाही, त्याच्याजवळ बसून करायचे काय, असा तिचा सूर. प्रेमात वर्ग कसा शिरतो याचे याहून नेमके चित्र मी कुठे वाचलेले नाही. त्याला लिहिता फारसे येईनासे झाले आहे, मोजता मात्र येते आहे.

आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. कॅथरिन नेलीला सांगते की एडगरने मला मागणी घातली आहे, मी हो म्हटले आहे. आताच्या अवस्थेतल्या हीथक्लिफशी लग्न केले तर माझाच पाणउतारा होईल, असे ती बोलते. हीथक्लिफ आडोशाला बसून ऐकत असतो. एवढे वाक्य ऐकून तो उठतो आणि निघून जातो. त्यापुढचे, म्हणजे तो आणि मी वेगळे नाहीच, त्याचा आत्मा तोच माझा, हे त्याच्या कानी पडत नाही. पोरवयात हे वाचताना मला हळहळ वाटे की अजून दोन मिनिटे थांबला असता तर! आता तसे वाटत नाही. दोन मिनिटे थांबला असता तरी लग्न एडगरशीच झाले असते. कॅथरिन खोटे बोलत नाही. तिचे प्रेमही खरे आणि पाणउताऱ्याची भीतीही खरी. एडगरच्या पैशातून हीथक्लिफला भावाच्या हातून सोडवीन, असा बेतही ती आखते. किती भोळा आणि किती ओळखीचा बेत हा!

लेखिकेच्या घरात याची दुसरी बाजू नांदत होती. तिचे वडील पॅट्रिक ब्रॉन्टे हे आयर्लंडमधल्या एका शेतमजूर घरात १७७७ साली जन्मले. घराचे आडनाव ब्रंटी. सोळाव्या वर्षी ते शाळा चालवू लागले, एका पाद्र्याच्या मदतीने १८०२ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोचले, आडनावाचे रूप बदलले, पुढे हॉवर्थ गावचे पाद्री झाले. म्हणजे पुस्तकांची शिडी लावून जो वर चढला, त्याच्या मुलीने शिडी काढून घेतलेल्या मुलाची गोष्ट लिहिली. शार्लट ब्रॉन्टेच्या एका शाळामैत्रिणीने नोंदवले आहे की शार्लट शाळेत आली तेव्हा आयरिश हेल काढून बोलत असे. घराबाहेर पडले की आपल्या बोलण्याला वास येतो, हे या बहिणींना चांगलेच ठाऊक असणार. एमिलीने १८३८च्या सुमारास हॅलिफॅक्सजवळ लॉ हिल नावाच्या शाळेत काही महिने नोकरी केली. ती इमारत बांधणाऱ्या गृहस्थाबद्दल अशी हकिगत होती की नात्यातल्या एका घराने त्याला अनाथ म्हणून पोसले आणि त्याने त्या घराचीच मालमत्ता बळकावली. कादंबरीचे बीज तिथे असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

परत आलेला हीथक्लिफ सूड कसा घेतो? तलवारीने नाही, विषाने नाही. कागदाने घेतो. हिंडली बायको गेल्यापासून दारूत आणि जुगारात बुडालेला. हीथक्लिफ त्याला पैसे देत जातो आणि जमीन वीतवीत गहाण करून घेत जातो. हिंडली मरतो तेव्हा पिढ्यान् पिढ्यांच्या घरात त्याचा मुलगा आश्रित आणि हीथक्लिफ मालक. ग्रेंजचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. एडगरला मुलगा नाही, त्यामुळे वारसाव्यवस्थेप्रमाणे मिळकत बहिणीच्या मुलाकडे जाणार. म्हणून आधी त्या बहिणीशी, इझाबेलाशी, लग्न. तिला पळवून नेताना तिच्या लाडक्या कुत्र्याच्या गळ्यात फास अडकवून हा निघतो, तेवढ्यावरूनच तिला कळायला हवे होते. मग पुढे आपला मरणपंथाला लागलेला मुलगा आणि कॅथी यांचे कोंडून ठेवून लावलेले लग्न, आणि मुलाकडून मृत्युपत्र. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात बायकोची जंगम मालमत्ता लग्न होताच नवऱ्याची होई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. चार्ल्स पर्सी सँगर या बॅरिस्टरने १९२६ साली एक छोटा निबंध लिहून दाखवून दिले की यातला कायद्याचा तपशील आणि घटनांची सालवारी दोन्ही चोख आहेत. आमच्या भागात उताऱ्यावरचे नाव, गहाणखत, भाऊबंदकी आणि तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा यांच्यावर वाढलेल्या वाचकाला यात गॉथिक काही वाटणार नाही. ज्या घराने त्याला वारस मानले नाही, त्या घराचाच वारसाहक्काचा कायदा तो पाठ करून आला आहे.

इथवर माझी सहानुभूती बव्हंशी हीथक्लिफच्या बाजूने असते. हिंडलीने जुगारात घर घालवले, ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते ते याच्याकडे गेले. पण हेअरटन?

हिंडली मेला तेव्हा हेअरटन सहा वर्षांचा. हीथक्लिफ त्याला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त शिकू देत नाही. पाद्री उंबऱ्याशी आला तर त्याचे दात घशात घालण्याची धमकी तो देऊन ठेवतो, आणि ते पोर मोठ्या आनंदाने हे नेलीला सांगते. शिव्या शिकवतो, आडदांडपणाला शाबासकी देतो. ज्या वाऱ्याने एक झाड वाकडे झाले त्याच वाऱ्यात दुसरे लावून पाहू, अशा अर्थाचे तो बोलूनही दाखवतो. अठरा वर्षांचा हेअरटन स्वतःच्या घराच्या दाराखालून रोज ये-जा करतो आणि दारावर कोरलेले स्वतःचेच नाव त्याला वाचता येत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. या म्हणीत आपण न बोलता एक गृहीत धरलेले असते की ज्याला कळले तो दुसऱ्याला जाळणार नाही. सोसलेल्या माणसाजवळ करुणा असणार, असा आपला भाबडा हिशेब. एमिली ब्रॉन्टे या हिशेबावर बोट ठेवते. हीथक्लिफला हेअरटनच्या मनातले सगळे कळते, कुणालाही कळणार नाही इतके कळते. तो म्हणतो की याला काय वाटते आहे आणि पुढे काय वाटेल ते मला अचूक सांगता येईल, कारण मी त्यातून गेलो आहे. हे पोर अस्सल सोने आहे, मी ते फरसबंदीला वापरतो आहे, हेही तो जाणतो आणि त्यात त्याला समाधान आहे. वेदनेने त्याला ज्ञान दिले. त्या ज्ञानाचे त्याने हत्यार केले. भोगणे माणसाला चांगले करते असा कुठलाही नियम नाही, हे सत्य मला या कादंबरीतल्या कुठल्याही भुतापेक्षा जास्त भिववते.

आपण कर्णासाठी मराठीत खूप रडलो आहोत. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ यांची पारायणे झालेली घरे आमच्या गावात आजही आहेत. रंगभूमीवर कृपाचार्यांनी कूळ विचारले आणि त्या पोराची मान खाली गेली, हा अन्याय खराच. पण त्याच कर्णाने द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे काढायला सांगितले, हे व्यासांनी लपवलेले नाही. आपण ते वाचताना पान जरा लवकर उलटतो. अपमान केला वरच्यांनी आणि फेड झाली त्या क्षणी सर्वांत असहाय असलेल्या बाईकडून. सूड उताराने वाहतो, पाण्यासारखा. हीथक्लिफचा सूडही हिंडलीवर कमी आणि इझाबेला, हेअरटन, कॅथी, स्वतःचा आजारी मुलगा यांच्यावर अधिक कोसळतो.

ऑफ तासाला मी ही गोष्ट कधीमधी नववीच्या वर्गाला सांगतो. एकदा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “मग सर, त्यानं काय करायचं हुतं?” विचारणारा मुलगा वीटभट्टीवरच्या कुटुंबातला होता. वर्ग हसला, पण तो हसत नव्हता.

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. कोर्टात जायचे होते, असे म्हणता येत नाही. आपल्याकडे दत्तकाची परंपरा जुनी. इंग्लंडमध्ये मूल कायद्याने दत्तक घेण्याची सोयच १९२६ पर्यंत नव्हती. म्हाताऱ्या अर्नशॉने पोटच्या पोरांपेक्षा जास्त माया केली तरी कायद्याच्या लेखी हीथक्लिफ कुणीच नव्हता. क्षमा करायची होती, हेही मला त्या मुलाला सांगवेना. ज्याच्या हातात काही नाही त्याला क्षमेचा उपदेश करणे हा आपला, म्हणजे पोट भरलेल्यांचा, जुना धंदा आहे. आणि ‘शीक, मोठा हो, हाच खरा सूड’ हे बक्षीस समारंभातले वाक्य तर इथे लागूच पडत नाही, कारण शिकण्याचीच बंदी होती.

मी त्याला कादंबरीतला एक प्रसंग सांगितला. हेअरटन तान्हा असताना दारूच्या तारेत हिंडली त्याला जिन्याच्या कठड्यावरून उचलून धरतो आणि पोर हातातून निसटते. नेमका त्याच वेळी खाली हीथक्लिफ आलेला असतो. तो काही विचार न करता दोन्ही हात पुढे करून मुलाला झेलतो. मग वर बघतो, आपण कुणाचे पोर वाचवले ते लक्षात येते आणि त्याचा चेहरा असा होतो की आयुष्यातली मोठी संधी घालवली. मला वाटते, त्याने काय करायचे होते याचे उत्तर त्या दोन हातांनी देऊन टाकले होते. घर घे. गहाणखत वाजवून घे, हिंडलीकडून पै न पै वसूल कर. त्याच्या पोराला मात्र पाद्र्याकडे बसू दे. अन्यायाची फेड आणि सूड यांच्यातली रेघ ओढायचीच असेल तर मी ती तिथे ओढीन. मुलाने ऐकून घेतले, मान हलवली. पटले की नाही ते सांगितले नाही.

पुढची गोष्ट वर्गात सांगायला सोपी जाते, कारण तिथे मुले असतात आणि हसणे असते. कॅथी शिकलेली, ग्रेंजच्या लायब्ररीत वाढलेली. हेअरटन एक दिवस मोठ्या धीराने तिला सांगतो की दारावरचे मला वाचता येते. अक्षर अक्षर लावून तो आपले नाव वाचून दाखवतो. आणि आकडे? आकडे अजून येत नाहीत. ती हसते. त्याच्या उच्चारांनाही ती आणि तिचा आजारी आतेभाऊ हसतात, कारण तो यॉर्कशायरची अडाण्यांची बोली बोलतो. तरी तो चोरून पुस्तके जमवत राहतो. परक्या पाहुण्यासमोर ती त्याच्या अडखळत्या वाचनाची नक्कल करते तेव्हा तो ती पुस्तके उचलून विस्तवात टाकतो. घरी कन्नड बोलणारे पोर आमच्या मराठी शाळेत ‘तो पुस्तक’ म्हणते आणि चाळीस मुले खिदळतात, तेव्हा मला तो विस्तव दिसतो. पोराचे व्याकरण महिनाभरात सुधारते. हसणाऱ्यांची खोड काढायला वर्ष लागते.

नंतर कॅथी एक पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळते, फितीने बांधते, वर हेअरटनचे नाव पूर्ण आणि आदराने घालते आणि नेलीच्या हाती पाठवते: घेतलेस तर शिकवीन, नाही घेतलेस तरी पुन्हा चिडवणार नाही. या वेळी तो पुस्तक जाळत नाही. क्षमा कुणी कुणाला केली ते शब्दांत कुठे येत नाही. पुस्तक स्वीकारले जाते, एवढेच.

मग एका संध्याकाळी हीथक्लिफ घरात येतो. दोघे पुस्तकावर वाकलेले, ते एकदम वर बघतात, आणि दोघांचेही डोळे हुबेहूब मेलेल्या कॅथरिनचे. हीथक्लिफ हेअरटनच्या हातातले पुस्तक घेतो, उघड्या पानावर नजर टाकतो आणि एक शब्दही न बोलता परत देतो. ज्याने पाद्र्याला उंबरा बंद केला होता त्याने पुस्तक परत दिले! त्यानंतर तो नेलीला सांगतो की दोन्ही घरे जमीनदोस्त करायची ताकद हातात आहे, पण हात उचलण्याची इच्छाच उरलेली नाही. याला पश्चात्ताप म्हणू नये. केलेल्याबद्दल वाईट वाटते असे तो कुठेच म्हणत नाही. हेअरटनमध्ये त्याला आपलेच तरुणपण चालताना दिसते, इतकेच तो सांगतो. काही दिवसांत तो मरतो. त्याच्यासाठी रात्रभर रडतो तो एकटा हेअरटन, ज्याचे त्याने सर्वांत जास्त नुकसान केले. कॅथी त्याच्याबद्दल वाईट बोलू लागली तेव्हाही हेअरटनने तिला अडवले होते: तुझ्या बापाबद्दल मी असे बोललो तर चालेल का? हे प्रेम कुठून आले, ते लेखिका समजावत नाही. मला एवढेच दिसते की तान्हेपणी त्याला झेलणारे हात तेच होते.

आता एक शंका, जी मला वर्षानुवर्षे सोडत नाही. शेवटी काय झाले? हेअरटन आणि कॅथी यांचे लग्न ठरले, १ जानेवारीला. जमीन अर्नशॉ आणि लिंटन या जुन्याच घराण्यांकडे परत गेली. परक्या पोराने तीस वर्षे उलथापालथ केली आणि माळावर पुन्हा जुनी घडी बसली. हेअरटन शिकला, पण तो मुळात मालकाचाच मुलगा. पुस्तकाने त्याला त्याच्या हक्काच्या जागी नेऊन बसवले. हीथक्लिफला कुणी पांढऱ्या कागदात गुंडाळून पुस्तक पाठवले असते तर तो कुठे पोचला असता? त्याच्यासाठी कुठली जागा मोकळी होती? नेलीने ग्रेंजच्या लायब्ररीतले बहुतेक प्रत्येक पुस्तक चाळलेले आहे, असे ती स्वतः सांगते, आणि ती शेवटपर्यंत मोलकरीणच आहे. विद्येने माणूस मोठा होतो असे प्रार्थनेनंतर सांगताना मला ही बाई आठवते आणि मी पुढचे वाक्य जरा जपून बोलतो. एमिली ब्रॉन्टेने सुखान्त लिहिला हे खरे, पण तो कुणाचा सुखान्त हे तिने झाकले नाही.

हीथक्लिफच्या थडग्यावर काय कोरायचे, हा प्रश्न गावकऱ्यांना पडतो. आडनाव माहीत नाही, वय माहीत नाही. शेवटी एकच शब्द आणि मृत्यूची तारीख कोरतात. आणि वुदरिंग हाइट्स बंद होणार आहे. नवे जोडपे ग्रेंजवर राहायला जाईल. इकडे म्हातारा गडी जोसेफ आणि सोबतीला एखादा पोरगा स्वयंपाकघरापुरते राहतील, बाकीच्या खोल्यांना कुलूप. दारावरचे नाव आणि खालचे साल, दोन्ही आता हेअरटनला वाचता येते.